वाणाची परीक्षा आणि बांधाची परीक्षा : पनवेलच्या खारभूमी संशोधनाची एक समीक्षा

गोषवारा

विकसनशील देशातील उपयोजित संशोधनाचे यश बहुधा त्याच्या तांत्रिक निष्कर्षावरून ठरविले जाते. तो निष्कर्ष कोणत्या अटींवर लोकांच्या उपयोगी पडतो, हा प्रश्न मूल्यमापनाच्या चौकटीबाहेर राहतो. प्रस्तुत लेखात पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राच्या क्षारसहिष्णू भातवाणांचा आणि त्याच रायगड जिल्ह्यातील महाड येथे झालेल्या विंचूदंशावरील संशोधनाचा तौलनिक विचार करून या उणिवेची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : खारजमीन, क्षारसहिष्णुता, उपजीविका, विंचूदंश, संशोधनाचे मूल्यमापन

प्रस्तावना

पनवेल म्हटले की आज महामार्गांचे जाळे, उंच इमारती आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ डोळ्यांपुढे येतो. परंतु याच परिसरात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि त्याने दिलेल्या भातवाणांना ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ अशी या गावाचीच नावे आहेत. ज्या भूमीसाठी हे वाण तयार झाले, त्या भूमीचा मोठा भाग गेल्या पाच दशकांत शेतीखालून निघून गेला. विज्ञानाने आपले काम चोख केले आणि तरीही ज्याच्यासाठी ते केले तो शेतकरी खाचरात उरला नाही, असे येथे का घडले? या प्रश्नाचे उत्तर ‘शहरीकरण’ या एका शब्दात देऊन थांबता येत नाही. त्यासाठी संशोधनाने प्रश्न कसा मांडला आणि यश कशाने मोजले, हे तपासावे लागते.

खारजमिनीची रचना

खारजमीन ही निसर्गाने दिलेली आणि माणसाने राखलेली जमीन आहे. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथील दलदलीला मातीचा बांध घालायचा, त्या बांधात उघाडी ठेवायची, ओहोटीच्या वेळी उघाडीतून आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हे या शेतीचे मूलतत्त्व होय. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतील क्षार धुऊन खाली जातात व भात तग धरते. पाऊस सरला की उन्हाने केशाकर्षण सुरू होऊन तेच क्षार पुन्हा पृष्ठभागावर येतात. म्हणूनच येथे सामान्यतः वर्षाला एकच पीक येते. अनेक ठिकाणी लावणीऐवजी मोड आलेले बियाणे फेकण्याची ‘रहू’ पद्धत रूढ झाली, तीही याच परिस्थितीतून.

या शेतीला जोडून उपजीविकेचे इतर धागे असतात. पेण-अलिबागच्या बाजूला तळ्यांत वाढविला जाणारा जिताडा, खाडीतील निवट्या व खेकडे, उरण-पेणकडील मिठागरांवरची मजुरी हे सर्व मिळून खारपट्ट्यातील कुटुंबाचे वर्ष भागते. भात हा त्यातील मुख्य धागा असला तरी एकमेव नव्हे.

या सर्वांचा आधार बांध आहे. बांधाला एकदा खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि पुढील दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक हाती लागत नाही. बांध एकट्या शेतकऱ्याचा असू शकत नाही. त्याची डागडुजी सामूहिक श्रमाने, नाही तर शासनाच्या खर्चाने व्हावी लागते. मुंबई राज्याने १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा केला आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकास अधिनियम केला, तो या सामूहिक गरजेची दखल घेऊनच.

वाणाचे यश

भात हे मुळात क्षारांना हळवे पीक आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता सुमारे ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते. रोपावस्था आणि फुलोरा या दोन अवस्थांत ते विशेष नाजूक असते. नेमक्या याच मुद्द्यावर पनवेलच्या केंद्राचे काम महत्त्वाचे ठरते. खाडीकाठचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे लाल तांदळाचे ‘राता’ भात पेरीत आले होते, त्यातून निवड करून ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ हे वाण निश्चित करण्यात आले. पुढे ‘भुरा राता ४-१०’ आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा १९६६ मधील प्रसिद्ध ‘आयआर ८’ यांच्या संकरातून ‘पनवेल १’ सिद्ध झाला. एका बाजूने जागतिक हरितक्रांतीचा ठेंगणा, खताला प्रतिसाद देणारा वाण आणि दुसऱ्या बाजूने खाडीच्या चिखलात घडलेला राता, असा हा संयोग आहे.

येथे एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. ‘राता’ हा कोणा प्रयोगशाळेचा शोध नव्हे. ज्या वर्षी बांध फुटला त्या वर्षी जी रोपे जगली, त्यांचेच बी पुढे ठेवीत गेलेल्या शेतकऱ्यांची ती निवड आहे. केरळातील ‘पोक्काळी’ भाताची कथा याहून निराळी नाही. क्षारसहिष्णुतेशी निगडित असलेला आणि आज जगभरच्या भातपैदाशीत वापरला जाणारा ‘साल्टोल’ हा गुणसूत्रखंड पोक्काळीतून ओळखला गेला. संशोधनाच्या अहवालात अशा वाणांची नोंद ‘स्थानिक’ या एका विशेषणाने होते. त्या विशेषणामागे शतकांचे निरीक्षण दडलेले असते, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

मूल्यमापनाची मर्यादा

वाणाची परीक्षा ठरलेल्या निकषांवर होते : हेक्टरी उत्पन्न, पक्वतेचा कालावधी, रोपाची उंची, दाण्याची प्रत, क्षारांना दिलेला प्रतिसाद. हे निकष चुकीचे नाहीत. केंद्राचे कामही वाणांपुरते मर्यादित नाही. मशागत व खतव्यवस्था हेही त्याचे विषय आहेत. आक्षेप या निकषांमागील गृहीतकावर आहे. बांध शाबूत आहे, उघाडी चालू आहे आणि जमीन शेतीचीच राहणार आहे, या तीन गोष्टी वाणाच्या परीक्षेत न बोलता धरून चालल्या जातात. क्षारसहिष्णू वाण मर्यादित क्षारता सोसतो. भरतीचे उघडे पाणी कोणताही वाण सोसत नाही. म्हणजे बांध उभा असेल तरच वाणाचा गुण दिसतो.

पनवेल परिसरात ही तिन्ही गृहीतके एकामागून एक ढासळली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना हौतात्म्य आले. विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याचे धोरण या संघर्षातून पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. पेण तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी योजलेल्या संपादनावर सप्टेंबर २००८ मध्ये २२ गावांतील शेतकऱ्यांचा कौल घेण्याची वेळ शासनावर आली.

जेथे जमीन संपादित झाली नाही, तेथेही बांधाचा प्रश्न सुटला नाही. खांड वेळीच बुजविली गेली नाही की खाचरात तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. पर्यावरणाच्या दृष्टीने हा आदेश योग्य व आवश्यक होता. परंतु दुरुस्तीअभावी ज्याच्या सातबाऱ्यावरील खाचराचे कांदळवन झाले, त्या शेतकऱ्याला ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे जवळजवळ अशक्य होऊन बसले. त्याच्या हाती ‘पनवेल ३’चे उत्तम बियाणे असले तरी ते पेरायचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

महाडचे उदाहरण

याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झालेले एक संशोधन तुलनेसाठी उपयुक्त आहे. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे शेतमजूर व मुले दिसली. दंश झालेल्यांत घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि अखेर फुप्फुसात साठणारे पाणी हा क्रम त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदविला. विषामुळे शरीरात कॅटेकोलअमाइनांचा उद्रेक होतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग केला. हा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नोंदींनुसार, गंभीर रुग्णांपैकी जवळजवळ तिघांमागे एक दगावे, तेथून मृत्यूचे प्रमाण शेकडा तीनच्याही खाली आले.

या कामावरही समीक्षकाचे आक्षेप असू शकतात. आरंभीच्या अभ्यासांत तुलनेसाठी यादृच्छिक गट नव्हता. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या चाचणीने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. तीत ७० रुग्णांपैकी ३५ जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष आणि ३५ जणांना केवळ प्राझोसिन देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ९१.४, तर दुसऱ्यात शेकडा २२.९ होते. मात्र कोणाला कोणता उपचार मिळाला हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि चाचणी लहान होती, या मर्यादा राहतातच. शिवाय अनवाणी पायांनी व उघड्या हातांनी भारे, विटा, लाकडे उचलण्याच्या श्रमपद्धतीत दंशाचे मूळ आहे. औषध तेथवर पोहोचत नाही.

तुलनात्मक विवेचन

दोन्ही संशोधनांत प्रश्न स्थानिक होता, उत्तर स्वस्त होते आणि त्याची गरज ग्रामीण गरिबाला होती. तरीही एकाचा परिणाम टिकला आणि दुसऱ्याचा आक्रसत गेला. याचे कारण शास्त्रीय गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. प्राझोसिनच्या वापराला अटी थोड्या होत्या : गोळी हाताशी असणे आणि लक्षणे ओळखणारा डॉक्टर वेळेत भेटणे. या अटी एका तालुक्याच्या आवाक्यातल्या होत्या. क्षारसहिष्णू वाणाच्या अटी मात्र बांध, उघाडी, जमिनीची मालकी आणि शासनाचे भूमिधोरण इतक्या दूरवर पसरलेल्या होत्या, आणि त्यांपैकी एकही पैदासकाराच्या अखत्यारीत नव्हती.

म्हणून वाण अपयशी ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तसेच, वाण यशस्वी ठरला एवढेच म्हणून अहवाल मिटणेही अपुरे आहे. ज्या अटींवर संशोधन अवलंबून आहे, त्या अटींची स्थिती नोंदविणे हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. क्षेत्र-चाचणीच्या तक्त्यात हेक्टरी उत्पन्नाशेजारी त्या वर्षी बांध किती वेळा फुटला, तो किती दिवसांनी बुजविला गेला आणि त्या कुटुंबाचे भाताखेरीज उत्पन्न किती होते, असे तीन रकाने असते, तर खारपट्ट्याच्या ऱ्हासाची शास्त्रीय नोंद पनवेलमध्येच तयार झाली असती. भूसंपादनाच्या वादात शेतकऱ्याच्या बाजूने मांडता येईल असा पुरावाही त्यातून मिळाला असता.

निष्कर्ष

समुद्राची पातळी वाढत असताना क्षारसहिष्णू भाताची गरज जगाच्या किनाऱ्यांवर वाढणार आहे. ‘राता’चा वारसा आणि पनवेलच्या केंद्रात जमलेले ज्ञान यांचे मोल त्यामुळे वाढेलच. परंतु ते ज्ञान बियाण्याच्या पिशवीपुरते राहिले, तर पनवेलच्या खाडीकाठी जे घडले तेच इतरत्र घडेल. या परिसरातील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र हे विभाग एकाच छताखाली असतात. वाणाची परीक्षा एका विभागाने घ्यावी आणि बांधाची कोणीच घेऊ नये, ही स्थिती बदलणे त्यांच्या आवाक्यातले आहे. पेण-अलिबागच्या पट्ट्यात अजून खारजमीन कसली जाते. एखाद्या गावाच्या बांधाचा, त्याच्या खांडींचा आणि त्यामागील कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीचा सलग अभ्यास तेथे आजही होऊ शकतो.