बों जेझू येथील झेवियरचें थडगें : एक परीक्षण

करंजाच्या द्रोणगिरीवर पोर्तुगीज अमलांतील ख्रिस्ती देवळाचे पडके अवशेष आहेत. त्यांविषयीं कोणी भांडत नाहीं. कारण त्यांस आतां कोणी धनी नाहीं व त्यांचा उत्सवहि होत नाहीं. जुन्या गोव्यांतील फ्रान्सिस झेवियरच्या थडग्याची गोष्ट निराळी. ऑक्टोबर 2024 मध्यें तेथील देहाची डीएनए चाचणी करावी अशी मागणी निघाली, मडगांवांत रस्ते अडविले गेले, आणि ‘गोंयचो सायब’ हें बिरुद झेवियरचें कीं परशुरामाचें हा वादहि उकरला गेला. पुढें 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 पर्यंत अवशेषांचें दर्शन नेहमींप्रमाणें झालें.

या सर्व गदारोळांत देहाविषयीं पुष्कळ बोललें गेलें. स्मारक मात्र कोणीं वाचलें नाहीं, ही आमची तक्रार आहे.

वरची रुप्याची पेटी गोव्याच्या सोनारांनीं 1637 च्या सुमारास घडविली. ती आमच्या मतें साऱ्या स्मारकांतील सरस वस्तु होय. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें पाठविला. तो फ्लॉरेन्सचा शिल्पी फोजिनी यानें घडविला व 1698 मध्यें येथें बसविण्यांत आला. चौथऱ्याच्या चार बाजूंस ओतीव ब्राँझचीं चित्रें आहेत : उपदेश, बाप्तिस्मा, बेटकऱ्यांनीं केलेला छळ, आणि सांचियन बेटावरील मृत्यु. काम उत्तम आहे. परंतु झेवियर 1552 मध्यें वारला. म्हणजे हीं चित्रें 146 वर्षांनंतरचीं. मल्हार रामराव चिटणिसाची बखर शिवाजीमहाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें 130 वर्षांनीं झाली, म्हणून आपण तिच्यावर किती विसंबतों? तोच न्याय येथें लावावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपास कसा संत हवा होता, याचा हा चौथरा अस्सल पुरावा आहे. 1542 च्या गोव्याचा नव्हे.

समकालीन साधन म्हणजे झेवियरचीं पत्रें. 16 मे 1546 रोजीं आंबोइनाहून त्यानें पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजास गोव्यांत इन्क्विझिशन स्थापावें अशी विनंति केली. त्या पत्रांत त्याचा रोख मोशेचें शास्त्र व मुसलमानी पंथ पाळणाऱ्यांवर होता. हें पत्र चारही चित्रांत कोठेंच नाहीं, आणि भाविकांच्या चरित्रांतहि बहुधा सांपडत नाहीं. ही लपवणूक आम्हांस मान्य नाहीं.

विरोधकांचीहि चूक तितकीच ढोबळ आहे. तिसवाडींतील देवळें 1540 मध्यें पाडलीं गेलीं. झेवियर गोव्यास उतरला 6 मे 1542 रोजीं. इन्क्विझिशन 1560 मध्यें सुरू झालें, तेव्हां तो जाऊन आठ वर्षें लोटलीं होतीं. साष्टींतील देवळांचा विध्वंस 1567 चा. त्रावणकोरांत बाटलेल्यांकडून मूर्ति फोडविल्याचें तो स्वतःच 1545 च्या पत्रांत समाधानानें लिहितो. त्याचा दोष त्याच्या माथीं खुशाल मारावा. परंतु अडीचशें वर्षांचा सारा हिशेब एकाच नांवावर चढविणें हें इतिहासाचें काम नव्हे. आणि देहाची चाचणी? ती कोणाचाहि कौल देवो, 1546 च्या पत्रांतील एक अक्षरहि त्यानें बदलणार नाहीं.

अडचण निराळीच आहे. 1812 मध्यें इन्क्विझिशन कायमचें बंद झाल्यावर गोव्याचें त्याचें दफ्तर बहुतेक नष्ट झालें. अ. का. प्रियोळकरांनीं 1961 मध्यें ग्रंथ लिहिला तो उरल्यासुरल्या साधनांवर. देव घेऊन लोक नदीपार गेले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. त्या स्थलांतराचीं साधनें मात्र पोर्तुगीज दफ्तराबाहेर, महाजनांच्या व पुरोहितांच्या घरीं असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं असे मोडी वा कानडी कागद, वंशावळी किंवा देवस्थानचे हिशेब असतील, त्यांनीं अस्सल स्वतःजवळ ठेवून नक्कल तेवढी आम्हांकडे धाडावी. कागदाची लांबीरुंदी, शिक्का असल्यास त्याचा ठसा, आणि तो कोणाच्या घरून मिळाला, हें अवश्य कळवावें.