बिनीच्या यादीबाहेरचे पोकेमॉन

स्पर्धात्मक पोकेमॉनमध्ये दुर्लक्षित कोणाला म्हणायचे, याचा हिशेब टक्केवारीत ठरलेला आहे. एकास-एक लढतींसाठी स्मोगन या खेळाडूंच्या समूहाने जी वर्गवारी केली, तिची सीमारेषा 4.52 टक्के आहे. 15 लढती खेळल्यावर एखादा पोकेमॉन किमान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वरच्या वर्गात, म्हणजे ओयूमध्ये बसतो. बाकीचे यूयू, आरयू, एनयू, पीयू असे पायरीपायरीने खाली उतरत जातात. गणित चोख आहे. पण हे गणित मोजते ते लोक काय वापरतात एवढेच. एखाद्या पोकेमॉनकडून काय करून घेता येईल, हे त्यात कुठेच येत नाही. आणि या खेळातली खरी कला नेमकी तिथे आहे.

कला हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. 1996 मध्ये जपानमध्ये हा खेळ आला, तेव्हापासून त्यात हजाराहून अधिक पोकेमॉन जमा झाले आहेत. प्रत्येकाला चार मूव्ह, एक अ‍ॅबिलिटी, एक आयटम आणि स्वतःच्या सहा अंगभूत आकड्यांवर वाटायचे 510 ईव्ही गुण. अधिकृत स्पर्धेत, म्हणजे व्हीजीसीमध्ये, सहा जणांची टीम न्यायची, त्यातले चार निवडायचे आणि मैदानात एका वेळी दोघांना उतरवायचे. एवढ्या साहित्यातून बहुतेक खेळाडू तेच वीस-पंचवीस चेहरे घेऊन येतात. स्वोर्ड आणि शील्ड या खेळांपासून तर कोडवर मिळणाऱ्या भाड्याच्या टीमची सोय झाली. विजेत्याचा कोड टाकला की त्याची टीम जशीच्या तशी आपल्या हातात. नवख्यासाठी ही सोय मोलाची आहे, पण तिने विचार करण्याची गरजही कमी केली.

दुर्लक्षितांची गोष्ट निघाली की पाचिरिसूचे नाव येतेच, आणि दरवेळी त्याची गोष्ट चुकीची सांगितली जाते. ऑगस्ट 2014, वॉशिंग्टन. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने जागतिक अजिंक्यपद जिंकले, ते पाचिरिसू या विजेच्या खारीला टीममध्ये घेऊन. पाचिरिसूच्या सहाही आकड्यांची बेरीज 405, त्यातला अटॅक 45. कागदावर बघाल तर हा पोकेमॉन जागतिक स्पर्धेच्या दारातही उभा राहू नये. म्हणून गोष्ट अशी रंगवली जाते की लाडक्या, दुबळ्या खारीने राक्षसांना हरवले, प्रतिस्पर्धी बावचळले, धाडसाचे चीज झाले.

पार्कची निवड मात्र हिशेबाची होती. त्याच्या टीमचा कणा मेगा गॅराडोस. पाणी आणि अंधार या टाइपच्या गॅराडोसला विजेचे हल्ले दुप्पट लागतात. पाचिरिसूकडे फॉलो मी ही मूव्ह होती. ती वापरली की समोरच्याने साथीदारावर रोखलेला हल्ला पाचिरिसूकडे वळतो. आणि त्याची अ‍ॅबिलिटी व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब, म्हणजे वीज अंगावर पडली की इजा होण्याऐवजी जखमा भरून येतात. गॅराडोसला मारायला सोडलेली वीज त्याच्या रक्षकाला बरे करत होती. त्या वर्षी टॅलनफ्लेम हा ससाणा गेल विंग्ज या अ‍ॅबिलिटीच्या जोरावर सगळ्यांच्या आधी ब्रेव्ह बर्ड मारत असे. फॉलो मीला त्याहूनही वरची प्राथमिकता होती, आणि विजेच्या टाइपवर उडत्या हल्ल्याचा परिणाम निम्माच होतो.

मग हेच काम करणारा, सर्वांच्या पसंतीचा अमूंगस का नको? अमूंगसची रेज पावडर गवताच्या टाइपवर चालत नाही, सेफ्टी गॉगल्स घातलेल्यावरही चालत नाही. शिवाय टॅलनफ्लेमची आग आणि पंख, दोन्ही त्याला दुपटीने झोंबतात. पाचिरिसूला यातली एकही अडचण नव्हती. पार्कने त्याच्या एचपी आणि डिफेन्समध्ये प्रत्येकी 252 ईव्ही घातले. डिफेन्सला अनुकूल स्वभाव धरून 50 व्या लेव्हलला एचपी 167 आणि डिफेन्स 134 झाला. हातात सिट्रस बेरी. हल्ल्यासाठी सुपर फँग, जी समोरच्याची उरलेली शक्ती थेट अर्धी करते. तिला अटॅकचा आकडा लागतच नाही, त्यामुळे 45 ही उणीव आपोआप गळून पडली. चौकशीला बसावे आणि एकही प्रश्न अनुत्तरित राहू नये, अशी ही बांधणी आहे. त्यानंतर अनेकांनी पाचिरिसू टीममध्ये घातला, पण त्याच्यामागे गॅराडोस उभा केला नाही. त्यांनी खार उचलली आणि तिचे काम मागे सोडले.

कमी लेखलेल्या पोकेमॉनचे मोल त्याच्या जोडीदाराशिवाय ठरवता येत नाही. हे टॉर्कोलइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. कोळशाचे हे कासव 2002 पासून खेळात आहे. डिफेन्स 140, पण स्पीड अवघा 20. इरप्शन ही ज्वालामुखीची मूव्ह त्याला सुरुवातीपासून शिकवता येत होती आणि तरी कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. 2016 मध्ये सन आणि मून आले आणि त्याला ड्राउट ही अ‍ॅबिलिटी मिळाली. मैदानात पाऊल टाकताच कडक ऊन. आता हिशेब करून बघा. पूर्ण शक्ती असताना इरप्शनची ताकद 150. दोघांना लागते म्हणून पाऊणपट, स्वतःच्या टाइपची म्हणून दीडपट, उन्हामुळे पुन्हा दीडपट. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांवर प्रत्येकी सुमारे 253 ताकदीचा मारा. अडचण एकच होती. शक्ती घटली की इरप्शनही घटते आणि टॉर्कोलची पाळी सर्वांत शेवटी येते. तोवर तो मार खाऊन बसलेला असतो.

या अडचणीवर लिलिगंटने दिलेले उत्तर मला या खेळातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. क्लोरोफिल असलेली लिलिगंट उन्हात दुप्पट वेगाने धावते. तिची आफ्टर यू ही मूव्ह साथीदाराला लगेच पुढची पाळी देते. मैदानातला सर्वांत वेगवान खेळाडू आपली पाळी सर्वांत मंद साथीदाराला बहाल करतो आणि प्रतिस्पर्ध्यांनी बोट उचलण्याआधी ज्वालामुखी फुटतो. 2017 च्या मोसमात ही जोडी जगभर दिसली. पुढे हिसुई प्रदेशातली, मुळात 105 स्पीडची लिलिगंट आल्यावर ती पुन्हा डोके वर काढून आली.

या जोडीच्या मर्यादा लपवून ठेवण्यात अर्थ नाही. समोरच्याने पहिल्या पाळीत फेक आउट मारून दोघांपैकी एकाला दचकवले की डाव कोसळतो. वाइड गार्डने दोघांवरचा मारा अडतो. त्याच 2016 च्या खेळात पेलिपरला पाऊस पाडण्याची अ‍ॅबिलिटी मिळाली होती, आणि पावसात आग निम्मी होते. म्हणून ही जोडी अनेकांच्या हातात एक चमकदार पहिली पाळी एवढीच राहिली. पुढचा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता : फेक आउटच बंद करता आला तर?

उत्तर फॅरिगिराफकडे होते, आणि ते ओळखायला लोकांनी वेळ घेतला. 2022 मध्ये स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये जुन्या गिराफॅरिगची ही पुढची पायरी आली, तेव्हा चर्चा झाली ती तिच्या दिसण्याची. तिच्या आर्मर टेल या अ‍ॅबिलिटीमुळे समोरचे दोघे आपल्या बाजूवर प्राथमिकतेची कोणतीही हल्ल्याची मूव्ह चालवू शकत नाहीत. फेक आउट नाही, सकर पंच नाही, एक्स्ट्रीम स्पीड नाही. एचपी 120, वर ट्रिक रूम. ट्रिक रूम लागली की मांडणीची पाळी धरून पाच पाळ्या मंद तो आधी, वेगवान तो नंतर. टॉर्कोलला स्पीड घटवणाऱ्या स्वभावाने आणि स्पीडच्या शून्य आयव्हीने, म्हणजे शून्य जन्मजात गुणाने, वाढवले तर 50 व्या लेव्हलला त्याचा स्पीड 22 राहतो. फॅरिगिराफच्या शेजारी तो आकडा दोषाचा गुण होतो. क्रिकेटमध्ये संध्याकाळच्या शेवटच्या षटकांत धाडलेला नाइट वॉचमन धावांसाठी नसतो, दुसऱ्या दिवशीच्या फलंदाजासाठी असतो. फॅरिगिराफ तशी खेळते. 2024 पर्यंत ती मोठ्या स्पर्धांमधला नेहमीचा चेहरा झाली होती, म्हणजे आता तिला दुर्लक्षित म्हणता येणार नाही. चांगल्या दुर्लक्षित बांधणीचे असेच होते. तिचे म्हणणे लोकांना पटते आणि ती यादीत जाऊन बसते.

तेच ते चेहरे घेऊन येण्याचे चित्र 2016 च्या मोसमात सर्वांत एकसुरी होते. प्रायमल ग्राउडन, झेर्निअस, मेगा कंगास्खान, मेगा सॅलमेन्स, स्मीअरगल, टॅलनफ्लेम. या सहा जणांना बिग सिक्स म्हणत, आणि टीम पाहण्याआधीच ती ओळखता येत असे. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकने अजिंक्यपद मिळवले ते कायोग्र आणि रेक्वाझा यांच्याभोवती हिटमॉनटॉप, ब्राँझाँग आणि राइचू उभे करून. राइचूची लाइटनिंग रॉड कायोग्रवर येणारी वीज स्वतःकडे ओढते. ब्राँझाँग पोलादी, म्हणून परी असलेल्या झेर्निअसला जड जाते. शिवाय तिला हवेत तरंगता येते, म्हणून ग्राउडनचे जमिनीचे हल्ले तिला लागत नाहीत. बिग सिक्सचा प्रत्येक सदस्य काय करणार हे सर्वांना पाठ होते, म्हणूनच त्याविरुद्ध एवढ्या नेमकेपणाने उभे राहता आले.

एकास-एक लढतींत मला डिटोचे उदाहरण फार बोलके वाटते. 2010 पूर्वी डिटोला समोरच्याचे रूप घेण्यात एक पाळी घालवावी लागे आणि तेवढ्यात तो संपे. पाचव्या पिढीत इम्पोस्टर ही अ‍ॅबिलिटी आली आणि मैदानात येताक्षणीच रूप बदलू लागले. रूपाबरोबर समोरच्याने तीन-चार पाळ्या खर्चून वाढवलेले आकडेही त्याला मिळतात. हातात चॉइस स्कार्फ असेल तर नक्कल मूळ पोकेमॉनच्याही आधी हल्ला करते. अशा आकडे वाढवण्यावर, म्हणजे सेटअपवर जगणाऱ्या टीमसाठी हा मोठा धोका आहे. सब्स्टिट्यूट या मूव्हने उभ्या केलेल्या बाहुल्याच्या आड बसलेल्यासमोर मात्र तो निष्प्रभ ठरतो, हेही तितकेच खरे.

ईव्हीयोलाइटने तर उत्क्रांतीचीच किंमत उलटी केली. ज्याला अजून पुढे वाढता येते त्याचे दोन्ही बचाव या आयटमने दीडपट होतात. म्हणून 130 चे बचाव असलेला डस्क्लॉप्स स्वतःच्या पुढच्या रूपाहून, डस्कनॉइरहून, जास्त टिकतो. त्याचा स्पीड 25, डस्कनॉइरचा 45. ट्रिक रूममध्ये हाही फायदाच.

आता सध्याच्या परिस्थितीबद्दल. 2023 च्या मोसमापासून मोठ्या अधिकृत स्पर्धांमध्ये टीमचे पत्रक दोन्ही खेळाडूंना खुले असते. समोरच्याचे आयटम, अ‍ॅबिलिटी, मूव्ह, टेरा टाइप, सगळे डावाआधीच दिसते. अनेकांना वाटले की अनपेक्षित बांधणीचा हा शेवट. माझे मत उलट आहे. ज्या बांधणीचे सगळे बळ समोरच्याच्या अज्ञानात होते, ती गेली आणि गेली ते बरे झाले. पाचिरिसूचे पत्रक प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले असते तरी गॅराडोसवर विजेचा मारा करताना त्याला तेवढाच विचार करावा लागला असता. खुल्या पत्रकाने धक्कातंत्र आणि विचार यांची फारकत केली.

पत्रकावर एक गोष्ट अजूनही नसते, ती म्हणजे गुणांची वाटणी. बांधणीची कला आज तिथे सर्वांत जिवंत आहे आणि सर्वांत कमी वाचली जाते. फ्लटर मेन बघा. एचपी, अटॅक, डिफेन्स 55, उरलेले तिन्ही आकडे 135. साहजिकच लोक तिला स्पीड आणि स्पेशल अटॅकमध्ये 252-252 देतात आणि पहिल्या ठोक्याला गमावतात. तेच गुण एचपी आणि डिफेन्सला दिले तर एचपी 130 चा 162 होतो आणि डिफेन्स 75 चा 107. स्पीडला एकही गुण न देता तो 155 राहतो. 100 च्या स्पीडचा पोकेमॉन अनुकूल स्वभावाशिवाय कितीही वाढवला तरी 152 वर थांबतो. म्हणजे तिने वेगाची बढाई सोडली तरी बऱ्याच जणांच्या पुढेच राहते आणि वर एक जास्तीची पाळी जगते. त्या एका पाळीवर डाव फिरतात. मारा हलका होतो, हे नुकसान मान्य करूनच ही वाटणी करायची.

माझी तक्रार या कलेबद्दल जे बोलले जाते त्याबद्दल आहे. 'हा पोकेमॉन कोणी वापरत नाही' एवढ्या भांडवलावर पुष्कळ व्हिडिओ निघतात. त्यात जिंकलेल्या लढती दाखवतात, हरलेल्या गाळतात. कोणत्या साथीदारासाठी, कोणत्या हल्ल्यातून वाचायला ही वाटणी केली, याचा पत्ता नसतो. ही समीक्षा नव्हे. लाडका पोकेमॉन घेऊन खेळण्यात गैर काही नाही, तो या खेळाचा मूळ आनंद आहे. पण आवड आणि मूल्यमापन वेगळे ठेवले नाही तर पाचिरिसूसारखी गंभीर बांधणीही गंमत म्हणून खपवली जाते.

कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहत वाढलेली मराठी पिढी आज पोकेमॉन शोडाउनवर ब्राउझरमध्ये फुकट खेळते आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. त्या खेळाडूंना माझी विनंती आहे : तुम्हाला एखादी वेगळी बांधणी सापडली तर ती मराठीत लिहा. टीममध्ये तिचे काम काय, तिची वाटणी कोणत्या हल्ल्याचा हिशेब करून केली आणि ती कोणासमोर हरते, हे तिन्ही लिहा.