दाविदाचे स्वातंत्र्य : २ शमुवेलच्या निवेदनाविषयी

जुन्या करारातील राजांची चरित्रे आपण बहुधा दृष्टान्तांचे कोठार म्हणून उघडतो. हवा तो राजा घ्यावा, त्याचा गुण वा दोष सांगावा आणि बोधाकडे वळावे. २ शमुवेलचे निवेदन अशा वापरास सहजासहजी वश होत नाही. या ग्रंथाचे ९ ते २० हे अध्याय व १ राजे १ आणि २ मिळून दाविदाच्या वारसाविषयीचे एक सलग आख्यान होते, असे लिओनहार्ट रोस्ट यांनी १९२६ मध्ये प्रतिपादिले. त्या आख्यानाच्या सीमांविषयी पुढे पुष्कळ वाद झाले. निवेदकाच्या मनुष्यस्वभावाच्या जाणकारीविषयी मात्र फारसा झाला नाही.

अकराव्या अध्यायात ‘पाठविणे’ हे क्रियापद दहाहून अधिक वेळा येते. दावीद यवाबाला युद्धास पाठवितो व स्वतः यरुशलेमेत राहतो. स्त्री कोण हे विचारण्यास माणूस पाठवितो; ती उरीया हित्तीची पत्नी आहे हे कळल्यावरही तिला आणण्यास दूत पाठवितो. राजा म्हणजे ज्याला स्वतः जावे लागत नाही तो. आपण प्रवचनांतून ‘मोहाचा क्षण’ म्हणतो. संहितेत क्षण नाही, पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर परतीची वाट मोकळी आहे. (बथशेबेच्या स्नानावर दोष ढकलणाऱ्या उपदेशकांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. तिला दोष देणारा एक शब्दही निवेदक लिहीत नाही.)

आणि उरीया? कराराचा कोश व सैन्य उघड्यावर असता आपण घरी जाऊन सुखाने निजणार नाही, असे तो राजाला तोंडावर सांगतो. दुसऱ्या रात्री दावीद त्याला मद्य पाजतो; तरीही तो घरी जात नाही, राजसेवकांमध्येच निजतो. ज्याला कोणी अडवू शकत नाही तो राजा एका असत्याकडून दुसऱ्याकडे ढकलला जात आहे, आणि हुकुमाचा ताबेदार असा हा परदेशी मद्याच्या अमलाखालीही ‘नाही’ म्हणू शकतो. अखेरीस आपल्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र तो स्वतःच्या हाताने यवाबाकडे नेतो. येथे निवेदक एकही विशेषण वापरीत नाही. पुढील अध्यायाच्या आरंभी तेच क्रियापद परत येते. परंतु या वेळी पाठविणारा परमेश्वर आहे, आणि नाथान राजवाड्यात प्रवेश करतो.

१ इतिहास २० मध्ये दावीद यरुशलेमेत राहिला एवढे वाक्य शिल्लक आहे, आणि त्याला लागूनच राब्बा पडल्याचे वृत्त येते. मधले सर्व गळाले आहे. मंदिर व उपासना हा त्या लेखकाचा विषय. त्याचा हेतू आम्ही हीन मानीत नाही. परंतु त्याचा दावीद पश्चात्तापी असू शकत नाही, कारण येथे पश्चात्ताप करण्याजोगे काही उरलेलेच नाही. आमच्या धर्मशिक्षणवर्गांत मुलांना बहुधा हाच दावीद भेटतो, ही हानी लहान नव्हे.

गेरहार्ट फॉन राट यांनी १९४४ च्या निबंधात, देवाच्या मताविषयी वा हेतूविषयी निवेदक स्वतः बोलतो अशा तीन स्थळांकडे लक्ष वेधले. त्यांपैकी १७:१४ आम्हांस सर्वांत कठीण वाटते. अबशालोमावर अरिष्ट यावे म्हणून परमेश्वराने अहिथोफेलाची चांगली मसलत मोडण्याचे ठरविले होते, असा त्याचा आशय. मग अबशालोमाच्या निवडीला अर्थ तो काय? पण त्या वाक्याआधीचे प्रसंग पाहावेत. अहिथोफेल म्हणतो, मीच बारा हजार माणसे घेऊन आज रात्री निघतो. हूशय म्हणतो, दानपासून बैरशेब्यापर्यंतचे सर्व इस्राएल जमू द्यावे आणि महाराजांनी स्वतः रणात उतरावे. पहिल्या मसलतीत अबशालोमाला घरी बसावे लागते. दुसरीत तो अफाट सेनेच्या अग्रभागी दिसतो. त्याने दुसरी निवडली, आणि तसे करण्यास कोणी त्याचा हात धरला नव्हता. निवेदक त्याचा अहंकार आधी सविस्तर ऐकवितो, देवाचा संकल्प नंतर एका वाक्यात सांगतो. आमचे भाष्यकार पुष्कळदा ते वाक्य आधी वाचतात आणि अबशालोमाला कळसूत्री बाहुली करून टाकतात.

अहिथोफेलाने मात्र निकाल तत्काळ ओळखला. त्याने गाढवावर खोगीर घातले, आपल्या गावी जाऊन घराची निरवानिरव केली आणि गळफास घेतला. त्याला तसे करण्यास देवाने लावले, असे निवेदक म्हणत नाही.