नात्यांचा इन्साफ : 'लकोटा वुमन' पुन्हा वाचताना

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी आम्ही तरुणपणी जे वाचले, त्याचा शेवट एकाच ठिकाणी होत असे. २९ डिसेंबर १८९०, वुंडेड नी नावाचा ओढा, बर्फ, आणि अमेरिकी घोडदळाने मारलेली अडीचशे ते तीनशे लकोटा माणसे. त्यांत बायका आणि मुलेही मोठ्या संख्येने होती. तिथे पुस्तक मिटायचे, आपण हळहळायचे आणि दिवा मालवायचा. जणू त्यानंतर तिथे कुणी जगलेच नाही. मेलेल्यांविषयी हळहळणे सोपे असते. जे उरले त्यांनी एकमेकांना कसे सांभाळले आणि न्यायासाठी कुणाकुणाशी भांडण मांडले, हे समजून घ्यायला मात्र श्रम पडतात.

ते श्रम आम्हांला करायला लावले मेरी क्रो डॉग यांच्या 'लकोटा वुमन' या आत्मकथनाने. ते १९९० साली प्रसिद्ध झाले. आमच्या हाती ते बरेच उशिरा, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आले. तेव्हा आम्ही ते भारावून वाचले होते. आता पुन्हा वाचताना तसे भारावलेपण राहिले नाही, पण पुस्तक अधिक मोठे वाटले आणि त्यातली एक फटही दिसली. दोन्हींविषयी लिहायचे आहे.

त्याआधी एका शब्दाविषयी. 'ट्राइब'साठी मराठीत सर्रास 'टोळी' लिहिले जाते. दरोडेखोरांचीही टोळीच असते. ज्या समाजाने अमेरिकेच्या सरकारशी १८६८ साली फोर्ट लॅरमी येथे रीतसर करार केला, त्याला टोळी म्हणणे म्हणजे तो करार मोडणाऱ्यांच्या बाजूने निम्मे बोलण्यासारखे आहे. 'जमात' हा शब्द आपल्या कानांना परका नाही. इथे तोच वापरला आहे.

लेखिका १९५४ साली साउथ डकोटा राज्यातील रोझबड रिझर्वेशनवर जन्मली. रिझर्वेशन म्हणजे जमातीच्या मूळ मुलखातून सरकारने कापत कापत शिल्लक ठेवलेली जमीन. वडील सोडून गेलेले, सांभाळ आजी-आजोबांकडे. पुढे सेंट फ्रान्सिसची मिशन शाळा. तिची आजी आणि आईही याच शाळेत शिकल्या होत्या, म्हणजे मार खाण्याचा वारसा तीन पिढ्यांचा. आजीला लकोटा भाषा येत होती, पण तिने ती नातीला शिकवली नाही, तिच्या भल्यासाठीच. या एका तपशिलात शाळेने काय केले ते सगळे येते. शाळेतच लेखिका मैत्रिणींबरोबर 'रेड पँथर' नावाचे गुप्त वार्तापत्र काढते आणि तिची बंडखोरी सुरू होते. पुढे भटकणे, दारू, दुकानांतल्या लहानसहान चोऱ्या. हे सारे ती लपवत नाही आणि त्याचे भांडवलही करत नाही. मराठीतील दलित आत्मकथनांवर पोसलेल्या वाचकाला हा स्वर लगेच ओळखीचा वाटेल.

मात्र एक फरक आहे. हे पुस्तक लेखिकेने बोलून सांगितले आणि कागदावर उतरवले रिचर्ड अर्डोझ या गोऱ्या लेखकाने. म्हणून काही समीक्षक त्याला सरळ नाकारतात. आम्हांला ते पटत नाही. दुसऱ्याच्या लेखणीची छाया काही पानांवर नक्की पडली आहे. विशेषतः विधींची आणि इतिहासाची माहिती येते तेव्हा वाक्ये एकदम अभ्यासकाची होतात. पण भांडी, पाहुणे, बाळंतपण आणि रिकामी चूल यांविषयीची पाने कुणा संशोधकाला सुचली असती असे वाटत नाही.

आणि पुस्तकाचा गाभा तिथेच आहे. लकोटा समाजाचा पाया 'तियोश्पाये', म्हणजे काका-मामा, आत्या-मावश्या, मानलेले भाऊ, म्हातारी माणसे या सगळ्यांचा मिळून असलेला गोतावळा. या गोतावळ्यात मूल अनाथ होत नाही, कारण त्याला एकाहून अधिक आया असतात. लेखिकेचे म्हणणे असे की सरकारने लढाया जिंकल्यानंतर याच गोतावळ्यावर घाव घातला. १८८७च्या कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ते एकेका कुटुंबाच्या नावे करण्याची वाट उघडली. नवरा, बायको आणि मुले एवढेच घर, बाकीचे परके, असा नवा हिशेब आला. त्याही आधी, १८८३ साली, सरकारने 'इंडियन गुन्ह्यां'ची नियमावली काढली होती. तीत सूर्यनृत्य हा गुन्हा ठरला आणि शोकप्रसंगी आपली चीजवस्तू वाटून टाकणे हाही गुन्हा ठरला. देणे हा गुन्हा! चोरीविरुद्धचे कायदे सगळीकडे असतात, पण दानाविरुद्धचा कायदा आम्ही प्रथमच वाचला. ज्या समाजात माणसाची पत त्याने काय साठवले यावर नसून काय वाटले यावर ठरते, तो समाज मोडायचा तर वाटपच थांबवले पाहिजे, हे राज्यकर्त्यांना नेमके कळले होते.

लेखिकेचे मोठेपण असे की ती या देण्याचे गोडवे गात बसत नाही. लेनर्ड क्रो डॉग या धर्मपुरुषाशी लग्न करून ती त्याच्या घरी आली, ते घर म्हणजे उघडा दरवाजा. कोण कुठून येतो, किती दिवस राहतो, काही नेम नाही. येणाऱ्याला जेवू घालायचे, रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. आणि या थोर परंपरेचा स्वयंपाक करायचा कुणी? कालपर्यंत रस्त्यावर वाढलेल्या, चूल माहीत नसलेल्या पोरीने. ती थकते, चिडते, आजारी पडते. समूहाच्या औदार्याचा खर्च घरातल्या बाईच्या अंगावर पडतो, हे सांगण्याचे धैर्य जमातीचे गौरवगीत गाणाऱ्या पुस्तकांत सहसा नसते.

याच क्रो डॉग घराण्याची एक हकीगत पुस्तकात येते. ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. ५ ऑगस्ट १८८१ रोजी लेनर्डच्या पणजोबाने, मूळच्या क्रो डॉगने, रोझबडवर स्पॉटेड टेल या प्रमुखाला गोळी घालून ठार केले. दोन्ही घराण्यांतली वडीलधारी माणसे बसली. सहाशे डॉलर, आठ घोडे आणि एक घोंगडी मारेकऱ्याच्या घराने मृताच्या घराला द्यायची, असे ठरले आणि ते दिले गेले. जमातीच्या लेखी प्रकरण मिटले. सरकारच्या लेखी ते आता सुरू झाले. क्रो डॉगला पकडून डेडवूडच्या न्यायालयात फाशी सुनावली गेली. मधल्या काळात त्याला घरी जाऊन येण्याची मुभा मिळाली आणि तो बर्फातून आपणहून परत आला, अशी आठवण घराण्यात सांगितली जाते. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण जमातीतल्या माणसाने जमातीच्या माणसाचा केलेला खून संघराज्याच्या न्यायालयापुढे चालवण्याचा अधिकारच नव्हता. निकाल जमातीच्या बाजूचा, पण भाषा अशी की हे लोक अजून रानटी आहेत, त्यांना आपल्या नीतीने कसे मोजणार! तिरस्कारातून मिळालेला विजय टिकला नाही. १८८५ साली संसदेने कायदा करून खुनासह सात गुन्हे जमातीच्या हातून काढून घेतले. तो कायदा विस्तारित रूपात आजही चालू आहे.

घोडे आणि घोंगडी देऊन खून मिटतो, हे ऐकून कुणाला वाटेल की हा स्वस्त न्याय झाला. लेखिका सांगते ते वेगळेच आहे. भरपाई दिली तरी डाग गेला नाही. क्रो डॉग घराणे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःहून समाजापासून काहीसे अलग राहिले. फाशीने एक माणूस गेला असता. इथे साऱ्या घराण्याने अपराध अंगावर वागवला, आणि मृताच्या घराचे जगणेही चालू राहिले. आम्हांला हा न्याय आदर्श वाटतो असे नाही. पण तो न्यायच होता, त्यामागे विचार होता, आणि तो काढून घेतल्यावर जे आले ते रिझर्वेशनवरच्या माणसाला कधी आपले वाटले नाही.

१९७२ साली नेब्रास्कातील गॉर्डन गावात रेमंड यलो थंडर या लकोटा मजुराला गोऱ्यांनी मारहाण करून अपमानित केले, त्यात त्याचा मृत्यू झाला. आरोप लागला तो खुनाचा नव्हे, सदोष मनुष्यवधाचा. नातलगांनी अधिकाऱ्यांचे दरवाजे ठोठावले आणि शेवटी अमेरिकन इंडियन मूव्हमेंट या संघटनेला हाक घातली. शेकडो माणसे त्या छोट्या गावात येऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी पाइन रिज रिझर्वेशनवरही तसेच घडले. तिथला जमातप्रमुख डिक विल्सन आणि त्याचे हस्तक यांच्या जाचाविरुद्ध लोक सभागृहात जमले होते. एलन मूव्ज कॅम्प आणि ग्लॅडिस बिसोनेट या बायांनी पुरुषांना विचारले, तुम्ही कधी उठणार? २७ फेब्रुवारी १९७३ रोजी वुंडेड नीचा ताबा घेतला गेला आणि तो ७१ दिवस टिकला. बंदुका, चिलखती गाड्या, वाटाघाटी हे सगळे इतर पुस्तकांतही आहे. या पुस्तकात त्या वेढ्यात गोळ्यांच्या आवाजात लेखिकेला मुलगा होतो, वेढ्यातच मारल्या गेलेल्या बडी लामाँटच्या दफनासाठी ती बाळाला घेऊन बाहेर पडते आणि पकडली जाते. लढा आणि गोतावळा या दोन गोष्टी तिच्या लेखनात वेगळ्या काढताच येत नाहीत.

ही गोष्ट कळली की ब्लॅक हिल्सच्या पैशाचे कोडेही सुटते. १८६८च्या कराराने हे पवित्र डोंगर लकोटांचे होते. १८७४ साली तिथे सोने सापडले आणि १८७७ साली ते हिसकावले गेले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे अन्याय्य ठरवून व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलर मंजूर केले. लकोटांनी ते घेतले नाहीत. आज ती रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे आणि सरकारी खात्यात तशीच पडून आहे. आणि हे नाकारणारे लोक अमेरिकेतील सर्वांत गरीब परगण्यांत राहतात. आमचे एक मित्र म्हणाले, हा हट्ट आहे. आम्हांला तसे वाटत नाही. जो समाज भरपाई म्हणून घोडे स्वीकारून खून मिटवू शकतो, त्याला भरपाईचे वावडे नाही. भरपाईआधी दोन्ही बाजू बसल्या पाहिजेत, अपराध अंगावर घेतला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. सरकारने फक्त धनादेश पुढे केला.

आता त्या फटीकडे येतो. अ‍ॅना मे अ‍ॅक्वॉश ही कॅनडातील मिकमॅक जमातीची कार्यकर्ती लेखिकेची मैत्रीण. फेब्रुवारी १९७६ मध्ये पाइन रिजवर तिचे प्रेत सापडले. सरकारी डॉक्टरने थंडीने मृत्यू असे लिहिले. ओळख पटवण्यासाठी तिचे हात कापून वॉशिंग्टनला पाठवले गेले. दुसऱ्या तपासणीत डोक्यात मागून झाडलेली गोळी मिळाली. या प्रकरणावरचे प्रकरण पुस्तकातील सर्वांत जळजळीत आहे, आणि त्याचा सारा रोख सरकारकडे आहे. सरकारने तो रोख कमावला होता यात शंका नाही. परंतु २००४ आणि २०१० साली या खुनासाठी जे दोघे दोषी ठरले ते चळवळीच्याच वर्तुळातले होते. अ‍ॅना मे खबरी आहे असा संशय घेतला गेला होता. सरकारने पेरलेला संशय आपल्या माणसांच्या हातून अमलात आला.

१९९०च्या पुस्तकाला हे ठाऊक असायला हवे होते असे आम्ही म्हणत नाही. पण चळवळीतल्या कित्येकांना काहीतरी ठाऊक होते आणि ते जवळजवळ तीन दशके गप्प राहिले. याच काळात लेनर्ड पेल्टिअर यांच्यासाठी जगभर आवाज उठत होता. १९७५ साली पाइन रिजवर दोन एफबीआय अधिकारी मारले गेले, त्याबद्दल १९७७ साली त्यांना दोन जन्मठेपा झाल्या होत्या. खटल्यातील पुराव्यांवर गंभीर आक्षेप होते. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी उर्वरित शिक्षा घरी भोगण्याची परवानगी दिली आणि फेब्रुवारीत ते नॉर्थ डकोटातील आपल्या जमातीत परतले. त्या मागणीत आम्हांला काही गैर वाटत नाही. पण अ‍ॅना मेच्या मुली आईच्या मारेकऱ्यांची नावे विचारत होत्या तेव्हा त्यांच्याभोवती तसा गोतावळा उभा राहिला नाही. 'शत्रूला आयते कोलीत कशाला द्या' हा युक्तिवाद लकोटांनी शोधलेला नाही. वेढ्यात राहणाऱ्या प्रत्येक समाजात तो ऐकू येतो आणि त्याची किंमत बहुधा बाईच मोजते. चूल सांभाळण्याची किंमत लेखिकेने मोजली आणि लिहिली. या गप्पपणाची किंमत तिच्या पुस्तकात नाही. १९९३च्या 'ओहितिका वुमन' या दुसऱ्या पुस्तकात ती घरातल्या मारझोडीविषयी आणि स्वतःच्या दारूविषयी अधिक उघड बोलते, पण ते पुस्तक विस्कळीत आहे आणि फारसे वाचलेही जात नाही.

याच वाटेवर पुढे आलेल्या एका कवयित्रीचा उल्लेख करून थांबतो. लेली लाँग सोल्जर या ओग्लाला लकोटा. २००९ साली अमेरिकेच्या संसदेने मूळ रहिवाशांची माफी मागणारा ठराव केला. तो संरक्षण खर्चाच्या एका लांबलचक कायद्याच्या पोटात ठेवला गेला. जमातींना बोलावून तो जाहीरपणे वाचला गेला नाही, आणि या माफीच्या आधारे कुणाला दावा लावता येणार नाही असे शेवटी घालायला सरकार विसरले नाही. लाँग सोल्जर यांनी 'व्हेअरअ‍ॅज' या २०१७च्या संग्रहात त्या माफीनाम्याची कायदेशीर भाषाच हातात घेतली, त्याच साच्यात स्वतःची मुलगी, वडील, दुखरा दात, अपुरी येणारी लकोटा भाषा हे सारे भरले. इथे दुसऱ्याची लेखणी नाही. 'लकोटा वुमन'मध्ये जे बोलून सांगितले गेले, ते इथे शब्द तोलून मांडले जाते, आणि कवयित्री आपल्या माणसांसमोरही सावध असते. तीत मेरी क्रो डॉगची आग नाही, हे मान्य. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत.

मेरी क्रो डॉग २०१३ साली वारल्या. 'लकोटा वुमन'चा कुणी मराठी अनुवाद करील तर आमची एकच विनंती आहे : मूळ मजकुराला हात लावू नये, पण अ‍ॅना मेच्या प्रकरणानंतर एक कोरे पान सोडून २००४ आणि २०१०च्या निकालांची माहिती छापावी.