साहसमालिकेतील ‘जर’ आणि ‘तर’

बोलण्यातून घडत जाणारी कथा छापील मालिकेत गुंफता येते काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही विचाराचा आहे. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती बोलून दाखवितात आणि संशयाच्या जागी फासे निर्णय देतात. उलवे येथे काही विद्यार्थी हा खेळ मराठीतून खेळताना प्रस्तुत लेखकाने पाहिले. आपसांत विचार करताना ते ‘आपण जाऊ’ म्हणत. सूत्रधाराला मात्र ‘आम्ही जातो’ असे सांगत. निर्णयाचा अधिकार कोणाचा, हे सर्वनामच दाखवीत होते.

साहसमालिकांचे मूल्यमापन या अधिकाराच्या कसोटीवर व्हावे. गॅरी गायगॅक्स यांच्या १९७८ मधील तीन पुस्तिकांत महाकायांच्या तीन ठाण्यांवर स्वारी आहे. पहिल्या ठाण्याच्या खजिन्यात दुसऱ्याकडे नेणारी मंत्रभारित साखळी सापडते. तिसऱ्यात खरे कारस्थान करणाऱ्या ‘ड्राउ’ या भूगर्भवासी जमातीचा माग लागतो. त्याच वर्षीच्या आणखी तीन आणि १९८० ची एक, अशा पुढील पुस्तिका याच मागावर उभ्या आहेत. येथील दुवा ‘जर’चा आहे. खूण हाती लागली तर वाट पुढे सरकते. ती शोधणे न शोधणे खेळाडूंकडे राहते.

१९८४ पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत पात्रे आधीच घडविलेली आहेत. त्यांना पूर्वायुष्य आहे, परस्परसंबंध आहेत. गायगॅक्स यांच्याकडे ही समृद्धी नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु महत्त्वाचे पात्र पुढील भागात लागणार म्हणून त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवण्याची सूचना येथे सूत्रधाराला मिळते. ‘आम्ही त्याला मारले’ हे खेळाडूंचे वाक्य पुढची पुस्तिका खोटे ठरविते.

ठरलेला शेवट हा स्वतः दोष नव्हे. दक्षिण कोकणातील पारंपरिक दशावतारात कथानक पुराणातले आणि सर्वांना ठाऊक असते. लिखित संहिता नसते, संवाद नट आयत्या वेळी रचतो. कथा परंपरेची, शब्द नटाचा, ही वाटणी उघड असते. ‘ड्रॅगनलान्स’मध्ये ती झाकलेली राहते. खेळाडूला ‘तुम्ही काय करता?’ असे विचारून उत्तर आधीच लिहून ठेवणे, हा त्या प्रश्नाचाच अवमान होय.