भिंतीवरचे चित्र आणि चित्रामागचे काम : एमरी डग्लस यांच्या भित्तिपत्रकांचा विचार

चळवळीच्या इतिहासात भाषणांची नोंद होते, ठरावांची होते, ग्रंथांची सूची होते. भिंतीवर डकवलेला कागद मात्र पहिल्या पावसात जातो आणि त्याचा विचारही त्याबरोबर संपतो. वास्तविक ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजापर्यंत चळवळ पोहोचविण्यात चित्राचा वाटा मोठा आहे. म्हणूनच भित्तिपत्रकाची समीक्षा ही केवळ कलारसिकांची बाब नसून चळवळीची बाब आहे, असे आम्ही मानतो.

या दृष्टीने अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे चित्रकार एमरी डग्लस यांचे कार्य अभ्यासण्यासारखे आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव त्या पक्षावरून घेतले, हे सर्वश्रुत आहे. या नात्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात पुढाऱ्यांची नावे येतात, कवितेची चर्चा होते. परंतु त्या पक्षाचा चेहरा ज्याने घडवला त्या चित्रकाराचे नाव क्वचितच येते.

ब्लॅक पँथर पक्ष १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी स्थापन केला. १९६७ च्या एप्रिलमध्ये पक्षाचे वृत्तपत्र निघाले आणि लवकरच त्याच्या मांडणीची व चित्रांची जबाबदारी १९४३ साली जन्मलेल्या डग्लस यांच्याकडे आली. छपाईची पहिली ओळख त्यांना किशोरवयीन गुन्हेगारांसाठीच्या संस्थेतील छापखान्यात झाली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात त्यांनी व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले. पक्षाने त्यांना ‘संस्कृतिमंत्री’ हे पद दिले. कलेला चळवळीच्या शोभेची वस्तू न मानता तिचे एक खाते मानणारी ही दृष्टी आम्हांस महत्त्वाची वाटते.

त्यांच्या शैलीचे मूळ गरिबीत आहे. पक्षाजवळ अनेक रंगांत छापण्याइतका पैसा नव्हता. म्हणून काळ्या शाईला बहुधा एकाच दुसऱ्या रंगाची जोड मिळे. या मर्यादेतूनच लाकडी ठशाच्या छापाची आठवण करून देणारी जाड काळी रेषा आली. तयार ठिपक्यांचे व रेघांचे पारदर्शक कागद चिकटवून छटा साधायची, छायाचित्राचे तुकडे रेखाटनाशी जोडायचे आणि रस्त्याच्या पलीकडूनही कळेल अशी आकृती उभी करायची, ही त्यांची रीत होती. वृत्तपत्राचे मागचे पान पुष्कळदा संपूर्ण भित्तिपत्रकच असे. वाचून झाले की ते घरात लावावे किंवा खळ लावून भिंतीवर डकवावे. वृत्तपत्राचा खप भरात असताना आठवड्याला लाखाहून अधिक प्रती जात. गरीब वस्ती हेच क्रांतिकारक चित्रकाराचे प्रदर्शनगृह होय, ही त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी प्रत्यक्षात आणली.

या चित्रांचे सरसकट गुणगान करणे मात्र आम्हांस मान्य नाही. १९६७ ते १९७० या काळातील चित्रांत बंदूक वारंवार येते आणि पोलिसाला डुकराचे रूप दिले जाते. या रागाला कारण होते, हे विसरता येत नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये अवघ्या सतरा वर्षांचा बॉबी हटन ओकलंडमध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. १९६९ च्या डिसेंबरमध्ये फ्रेड हॅम्प्टन शिकागोत आपल्या घरातच पोलिसांच्या हातून मारला गेला. तरीही एक प्रश्न उरतो. माणसाला जनावराच्या रूपात दाखवणारे चित्र अन्यायाच्या व्यवस्थेवर बोट ठेवते, की केवळ द्वेषाला एक तोंड देते?

हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला विशेष अधिकार आहे. उन्नामती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरील व्यंगचित्रे संकलित करून २०१९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत बाबासाहेबांना जागोजागी खुजे, हास्यास्पद करून दाखविले आहे. बलवानाने दुर्बलाची काढलेली खोडी आणि दुर्बलाने बलवानाला दिलेले प्रत्युत्तर यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु माणसाचे माणूसपण पुसण्याची रीत एकच आहे, आणि वैराने वैर शमत नाही असे मानणाऱ्यांनी ती रीत उसनी घेण्यापूर्वी विचार करावयास हवा.

डग्लस यांची श्रेष्ठ चित्रे आमच्या मते याच्या पुढची आहेत. १९६९ च्या जानेवारीत पक्षाने ओकलंडमधील एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देण्यास आरंभ केला. पुढे मोफत दवाखाने आले, किराणा वाटप आले, सिकलसेल या रक्तदोषाची तपासणी आली. १९७२ च्या मार्चमध्ये ओकलंडच्या परिषदेत किराण्याच्या दहा हजार पिशव्या वाटण्याचा कार्यक्रम ठरला आणि तपासण्याही झाल्या. चित्रेही त्याबरोबर बदलली. १९७१ च्या एका चित्रात हसऱ्या मुलाच्या चष्म्याच्या भिंगांत न्याहारीच्या कार्यक्रमातील मुले दिसतात. दुसऱ्या एका चित्रात एक कष्टकरी स्त्री किराण्याची भरलेली पिशवी घेऊन उभी आहे आणि तिच्या कपड्यावर निवडणुकीचा बिल्ला आहे. १९७३ साली बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदासाठी उभे होते, हा संदर्भ त्यामागे आहे.

या चित्रांत दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली ही की, चित्राचा नायक पुढारी नाही. ज्या भिंतीवर चित्र लागले त्या भिंतीसमोरून जाणारी बाईच त्या चित्रात आहे. ती स्वतःला पाहते, आणि दीन म्हणून नव्हे तर समर्थ म्हणून पाहते. दुसरी ही की, चित्रातील पिशवी खरी आहे. ती कोठे मिळेल हे वस्तीला ठाऊक आहे. चित्र कामाची जागा घेत नाही, ते कामाकडे बोलावते. पिशवी नसती तर तेच चित्र फसवे ठरले असते.

ही दृष्टी बौद्ध परंपरेला परकी नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या भिंतीवर, भवचक्राच्या चित्राचे अवशेष आहेत. मूलसर्वास्तिवादी विनयपरंपरेत असे सांगितले आहे की, हे चक्र विहाराच्या प्रवेशद्वारी काढावे आणि येणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून देण्यासाठी एका भिक्खूची नेमणूक करावी. या योजनेतील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. चित्र गाभाऱ्यात नाही, दारात आहे. ते पूजेसाठी नाही, बोधासाठी आहे. आणि त्याच्याजवळ समजावून सांगणारा माणूस उभा आहे. चक्राकडे पाहणारा त्यात स्वतःचीच तृष्णा आणि स्वतःचेच दुःख पाहतो.

आता आपल्या भिंतींकडे पाहू. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला जी स्वस्त छापील चित्रे मिळतात, त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे. निळा कोट, हाती ग्रंथ, पुढे उचललेले बोट ही प्रतिमा अनामिक चित्रकारांनी घराघरांत नेली. ज्या गावांत ती प्रतिमा लावण्यासाठीही झगडावे लागले, तेथे ते चित्र हेच एक आंदोलन होते. परंतु १४ एप्रिलच्या चौकात आज जो फ्लेक्स उभा राहतो त्याचे काय? वर बाबासाहेब, शेजारी तथागत, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुद्रांची रांग. रंगांची उणीव नाही, आकाराची नाही. उणीव आहे ती आशयाची. त्या फलकात वस्तीतली विद्यार्थिनी नाही, सफाई कामगार नाही, आणि दुसऱ्या दिवशी करावयाचे कोणतेही काम नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या रानडे-व्याख्यानात आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो इशारा त्यांच्याच प्रतिमेखाली विसरला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, जयंतीचा फलक हा उत्सवाचा फलक आहे. त्यावर कामाचा भार कशाला? उत्सवाला आमचा विरोध नाही. पण एक उदाहरण पाहावे. ज्या सिकलसेलसाठी ओकलंडमध्ये तपासण्या झाल्या, तोच आजार विदर्भातील आदिवासी समाजात व आपल्या बौद्ध कुटुंबांतही आढळतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि आपण वाहक आहोत की नाही हे साध्या रक्ततपासणीने विवाहापूर्वीच कळू शकते. ही एवढी गोष्ट दोन रंगांत, चार शब्दांत आणि एका आईच्या चेहऱ्यातून सांगणारे भित्तिपत्रक किती विहारांच्या दारात लागले आहे? ते लागले, त्यावर तपासणीचा दिवस व जागा लिहिली गेली, आणि विचारणाऱ्याला समजावून सांगण्यासाठी एक कार्यकर्ता तेथे बसला, तर विनयातील ती जुनी योजनाच पुन्हा अंमलात येईल.

आपल्या वस्त्यांत रेषेची जाण असलेली मुले-मुली आहेत. फलक रंगविणाऱ्यांची एक पिढीच फ्लेक्सच्या छपाईमुळे मागे पडली आहे. विहारांनी आणि मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतील काही भाग त्यांच्या हाती द्यावा, विषय ठरवून द्यावा आणि त्या विषयाचे काम आधी उभे करावे. बाबासाहेबांची प्रतिमा वर राहीलच. तिच्याखाली शुभेच्छुकांऐवजी वस्तीचे काम दिसावे, एवढेच आमचे मागणे आहे.