पासवर्डला कुलूप, जात उघड्यावर

कंपन्यांनी माणसाचे पासवर्ड आणि खाजगी माहिती साठवावी की नाही, ही चर्चा आपल्याकडे बहुधा सुखवस्तू दिवाणखान्यांत होते. चळवळीतल्या अनेकांनाही वाटते की, पोटाचे आणि अब्रूचे प्रश्न समोर असताना हे चोचले कशाला? हा समज घातक आहे. ज्याच्याविषयी एकच गोष्ट कळली की भाड्याची खोली नाकारली जाते, त्याच्याइतका हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्याच निकडीचा नाही. ती गोष्ट म्हणजे जात.

आधी पासवर्डचे पाहू. तो जसाच्या तसा ठेवण्याची कंपनीला गरजच नसते. ज्वारी दळावी तसा तो गणिती रीतीने दळून ठेवता येतो. आपण पुन्हा पासवर्ड टाकला की तोही तसाच दळायचा आणि दोन्ही पिठे ताडून पाहायची. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. असे असूनही मार्च २०१९ मध्ये फेसबुकला कबूल करावे लागले की, कोट्यवधी लोकांचे पासवर्ड आपल्या यंत्रणेत सरळ वाचता येतील असे पडून होते. त्याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. बलाढ्य कंपनीच्या शब्दावर विसंबता येत नाही, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जात फुटली तर काय बदलायचे?

या देशाच्या कायद्याने या प्रश्नाला काय उत्तर दिले, ते वाचण्याजोगे आहे. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी होती. तिच्यात पासवर्ड पहिला. मागाहून बँक खाते, आजार, बोटांचे ठसे. जात नाही! न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात ‘जात किंवा जमात’ हे शब्द प्रथम आले. २०१९ च्या विधेयकात ते टिकले. २०२३ चा कायदा झाला तेव्हा संवेदनशील माहितीचा वर्गच गळाला आणि त्याबरोबर जातही गेली. आता माझी जात आणि माझी चपलेची आवड, दोन्ही कायद्याच्या लेखी सारखीच माहिती! ज्या समाजात या दोन गोष्टी कधीच सारख्या नव्हत्या, तिथे ही समानता कुणाच्या सोयीची?

कंपनीवरचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट तक्रार खोटी किंवा फालतू ठरली, तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

शिवाय कंपनीने जात विचारलीच पाहिजे असेही नाही. आडनाव, शिष्यवृत्तीचा संदेश, जात पडताळणीविषयी केलेला शोध, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर असलेला मोबाइल, एवढे तुकडे जुळवले की अंदाज बांधता येतो. १९५६ साली याच नागपुरात लाखोंनी जात टाकली. ती त्यांच्या नातवंडांना पुन्हा चिकटवण्याची सोय आज खाजगी कपाटात आहे.

नोंद किती चिवट असते, हे भटक्या-विमुक्तांना विचारा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मावरून वहीत नोंदली. १९११ च्या कायद्याने ती तरतूद देशभर नेण्याची वाट केली. १९५२ साली कायदा रद्द झाला. पण तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आदेश द्यावा लागला. कायदा मेला तरी वही जगते.

यावर कुणी म्हणेल, मग जातीची नोंदच नको काय? आरक्षण कशाच्या आधारे मागणार? हा प्रश्न रास्त आहे. मोजणी आपल्याला हवीच आहे. मोजल्याशिवाय वाटा मागता येत नाही. पण समाजाची मोजणी वेगळी आणि माणसाच्या नावावरची नोंद वेगळी. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की, जनगणनेत माणसाविषयी केलेली नोंद कुणाला पाहता येणार नाही आणि ती सहसा पुरावा म्हणूनही चालणार नाही. मोजा, पण माणूस उघडा पाडू नका, हा विवेक या राज्यसंस्थेला पंचाहत्तर वर्षांपूर्वी सुचला होता. तो कंपन्यांना लावायला काय हरकत आहे?

आमचा विद्यार्थी महाडीबीटीवर अर्ज भरतो तेव्हा जात, उत्पन्न, आधार, बँक खाते सारे देतो. हातात संगणक नाही म्हणून पासवर्डही इंटरनेट कॅफेवाल्याच्या वहीत जातो. याला कायदा ‘संमती’ म्हणतो. फी भरायला पैसे नसलेल्याची संमती ही संमती नव्हे. ती लाचारी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. पासवर्ड वाचता येईल असा कुणीही साठवू नये. जात ही संवेदनशील माहिती म्हणून कायद्यात परत यावी. ज्या कामासाठी ती घेतली, ते संपताच कंपनीने ती पुसावी. तिचा अंदाज बांधणे हाही गुन्हा ठरावा. वसतिगृहांतून, महाविद्यालयांतून, बुद्धविहारांतून हा कायदा वाचला गेला पाहिजे. आपल्याविषयीची वही दुसऱ्याने लिहायची आणि आपण ती वाचायचीही नाही, हे पुष्कळ झाले.